तिसऱ्या गाण्यातली जागा

नाबोथ चिगुमीराला बँडमधून काढलं, तेव्हा ‘काढलं’ हा शब्द कोणी वापरला नाही. एल्फस म्हणाला, “नाबोथ, आता जरा विश्रांती घे.” ड्रमवाला म्हणाला, “तुमचं नाव पोस्टरवर राहीलच की.” पुढच्या महिन्यात चितुंग्विझा शहरातल्या भिंतींवर पोस्टरं लागली, त्यावर नाव नव्हतं. विचारलं तर छापणाऱ्याची चूक निघाली.

छत्तीस वर्षं तो ‘मुसासा साउंड्स’मध्ये बास गिटार वाजवत होता. बँड एल्फस मांडाझाचा. तो गायचा, लीड गिटार वाजवायचा, आणि लोक त्यालाच बघायला यायचे. नाबोथ मागे, ड्रमच्या डावीकडे उभा. बासवाल्याकडे बघतं कोण? पण त्याने हात काढला की नाचणाऱ्यांच्या पायांखालची जमीन जाते, हे नाबोथला पक्कं ठाऊक होतं, आणि एल्फसलाही.

पन्नाशी उलटली तसे बरोबरीचे वादक गळत गेले. एक जोहान्सबर्गला टॅक्सी चालवायला गेला, एक पाद्री झाला, दोघांना तर त्याने स्वतः माती दिली. नाबोथ टिकला तो एका सवयीमुळे. सकाळी बायको, सेकाई, टोमॅटोची पाटी घेऊन बाजारात गेली की तो मागच्या अंगणात आंब्याखाली बसायचा आणि एखाद्या जुन्या गाण्यात नवी जागा शोधायचा. महिन्याला एक. फार मोठं काही नसे. दोन सुरांच्या मध्ये तिसरा सरकवायचा, नाहीतर ठेक्याच्या आधी नुसता श्वासभर थांबायचं. रविवारी दुपारच्या कार्यक्रमात ती वाजवली की श्रोत्यांना काही कळत नसे. एल्फस मात्र गाता गाता किंचित मान वळवायचा. बस, तेवढंच. तेवढ्यावर नाबोथचा पुढचा महिना निघायचा.

मग ती मान वळेनाशी झाली. एल्फस आता फोन उंच धरून चित्रण करणाऱ्या मुलींकडे बघत गाऊ लागला. नाबोथने जागा शोधणं सोडलं नाही. पण सवय आणि हौस यांतला फरक वाजवणाऱ्याला कळतोच.

त्यात डाव्या हाताची अनामिका आत वळायला लागली. सकाळी ती सरळ होत नसे. गरम पाण्यात हात बुडवून बसलं की अर्ध्या तासाने उघडायची. दवाखान्यातली नर्स म्हणाली, “आजोबा, वय झालंय.” त्याला त्या वेळी साठावं लागलं होतं. औषध म्हणून तिने डोकेदुखीच्याच गोळ्या दिल्या. नाबोथने आपली बोटं नव्याने लावून घेतली. जे सूर अनामिकेने धरायचा ते करंगळीने धरू लागला. गिटारचा पट्टा वर घेतला, उभं राहायचं ते स्टुलावर बसायला लागला. एल्फसला तो स्टूल आवडला नाही. “माझ्या बँडमध्ये दवाखान्यातल्यासारखं दिसतंय रे,” असं तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, आणि सगळे हसले. नाबोथही हसला.

तीन महिन्यांनी विश्रांतीचं निघालं. जागेवर टोंडेराई नावाचा तिशीतला बासवाला आला. सरळ बोटांचा.

पुढच्या वर्षी जूनमध्ये बँडला चाळीस वर्षं होत होती. एल्फस स्वतः घरी आला. अंगणातल्या खुर्चीवर बसला, सेकाईने दिलेले भाजके शेंगदाणे खात राहिला, आणि मग म्हणाला, “लेका, तुझ्याशिवाय चाळीस वर्षं कसली? चार गाणी तू वाजवायचीस. जुनी. लोक तुझं नाव घेतात अजून.”

“कोण घेतं?”

“घेतात रे. तू आता नाटकं करू नकोस.”

नाबोथने लगेच हो म्हटलं नाही. म्हटलं, विचार करतो. एल्फस फाटकाबाहेर पडला नाही तोच त्याने पलंगाखालून गिटार काढली.

त्यानंतरचे तीन महिने सेकाईने त्याला असं पाहिलं, जसं लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत पाहिलं होतं. पहाटे उठून स्वतः चूल पेटवायचा, पाणी तापवायचा, हात बुडवून बसायचा, आणि ती बाजारातून परत येईपर्यंत आंब्याखालीच. जेवणाच्या ताटावरही त्याची बोटं साद्झ्याचा, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचा, गोळा करता करता थांबायची आणि ताटाच्या कडेवर चालायची.

“अहो, गार होतंय.”

“हं.”

“रूडोचे बाबा, मी भिंतीशी बोलतेय का?”

तो तिसऱ्या गाण्यात अडकला होता. ते गाणं खाणीतून गावी परतणाऱ्या माणसाचं होतं. त्याच्या मधल्या भागात गाणं थांबतं, लीड गिटार एक ओळ म्हणते आणि बास तिला उत्तर देते. ते उत्तर नाबोथने चोवीस-पंचविसाव्या वर्षी बसवलं होतं. पुढे देशभरातल्या बासवाल्यांनी ते उचललं. आता अनामिका वळलेली, त्यामुळे ते उत्तर जसंच्या तसं वाजवताना बोट तारेवर अडखळायचं. करंगळीवर नेलं तर लय मागे राहायची. दीड महिना तो त्याच्याशी झटत राहिला. मग एका सकाळी वैतागून त्याने वळलेलं बोट होतं तसंच जाड तारेवर टेकवलं, तिथून वर न चढता थेट खाली उडी घेतली, आणि हाताला काहीतरी लागलं. पुन्हा केलं. पुन्हा. धडधाकट हाताला हे कधी सुचलंच नसतं, कारण धडधाकट हात असा वेडावाकडा बसतच नाही. गिटारने प्रश्न विचारावा आणि म्हाताऱ्याने उत्तर देण्याआधी घसा खाकरावा, तसं ते वाजत होतं. नाबोथ एकटाच हसला. त्याने ते कोणाला ऐकवलं नाही. एल्फसला रंगमंचावरच ऐकू दे, असं त्याने ठरवलं.

कार्यक्रमाच्या दिवशी, रविवारी, दुपारी बारा वाजता वाद्यांची तपासणी झाली. नाबोथने वायर जोडली, दोन सूर वाजवले, सभागृहाच्या भिंती थरथरल्या. “झकास,” मिक्सरवाला म्हणाला. नाबोथने नवी जागा तिथे वाजवली नाही. जपून ठेवली.

दोन वाजता सभागृह खच्चून भरलं. बाहेर अंगणात मांस भाजत होतं, त्याचा धूर खिडक्यांतून आत येत होता. सेकाई नवा डोईचा रुमाल बांधून तिसऱ्या रांगेत बसली होती. पहिला तासभर टोंडेराईने वाजवलं. मग एल्फसने माइक तोंडाजवळ घेऊन नाबोथचं नाव असं पुकारलं, जसं लग्नात नवरदेवाला पुकारतात. लोक उभे राहिले. बायकांनी जिभा हलवून आनंदाच्या किंकाळ्या मारल्या, त्यात सेकाईचा आवाज त्याला वेगळा ओळखू आला. स्टूल आधीच मांडलेला होता. मिक्सरवाल्याने पुढे होऊन आदराने त्याच्या गिटारला वायर जोडून दिली.

पहिली दोन गाणी सुरळीत गेली. हात गरम होता, बोटं ऐकत होती. पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून बास भरघोस येत होता. त्याला वाटलं, एक वर्ष नव्हतंच मुळी.

तिसऱ्या गाण्याचा मधला भाग आला. एल्फसच्या गिटारने ओळ म्हटली. नाबोथने वळलेलं बोट जाड तारेवर टेकवलं आणि खाली उडी घेतली.

स्पीकरमधून जुनं उत्तर आलं. पंचविशीतलं. गुळगुळीत, बिनचूक.

पहिल्यांदा त्याला वाटलं, आपल्याच हाताने दगा दिला. इतक्या वर्षांची सवय, बोटं आपसूक जुन्या वाटेने गेली असतील. पुढच्या फेरीला त्याने डोळे बोटांवर ठेवले. बोट टेकलं, उडी घेतली, त्याने स्वतः पाहिलं. स्पीकरमधून जुनंच आलं. तिसऱ्या फेरीला त्याने पुन्हा एकदा वाजवलं, आणि शेवटचा सूर व्हायच्या आत दोन्ही हात तारांवरून उचलून मांडीवर ठेवले.

बास वाजत राहिला.

लोक नाचत होते. समोरचा एक जाडा माणूस डोळे मिटून, दोन्ही कोपरं हलवत त्याच्याकडे पाठ करून नाचत होता. एल्फसने मान वळवली, मांडीवरचे हात त्याने पाहिले की नाही कोण जाणे, अंगठा वर केला आणि पुन्हा लोकांकडे वळला. नाबोथने हात परत तारांवर ठेवले. का ठेवले, हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. उरलेलं तिसरं गाणं आणि चौथं पूर्ण गाणं त्याने शेवटपर्यंत वाजवलं, एकही सूर न चुकता, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा वाकून नमस्कार केला.

मग तो वायर हातात धरून तिच्यामागे गेला. वायर एका डबीत जात होती. डबीतून निघालेली दुसरी वायर कुठेच जात नव्हती. नीट गुंडाळून रबराच्या पट्टीने बांधून ठेवली होती. मागे बँडच्या नावाचं मोठं कापड ताणलं होतं. ते बाजूला केलं तर बिअरच्या खोक्यावर टोंडेराई, मांडीवर गिटार घेऊन बसलेला. वर्गात पकडलेल्या पोरासारखा तो उठून उभा राहिला.

“काका... मला सांगितलं म्हणून...”

नाबोथ तसाच पुढे गेला.

एल्फस मागच्या खोलीत मटणाचा तुकडा हातात घेऊन उभा होता, घाम पुसत. “नाबोथ! काय वाजवलंस लेका! बोटं अजून तशीच आहेत तुझी!”

“वायर कुठे जोडली होती?”

एल्फसने खोलीतल्या बाकीच्यांकडे पाहिलं. ते बाहेर गेले. त्याने तुकडा ताटात ठेवला.

“हे बघ, चिडू नकोस. वहिनी आल्या होत्या माझ्याकडे.”

“कोण?”

“सेकाई वहिनी. रडत होत्या. म्हणाल्या, हजार लोकांसमोर त्यांचा हात अडकला तर ते घरी येऊन मरतील. काहीतरी करा म्हणाल्या. मग मी केलं काहीतरी. तुझ्यासाठीच केलं ना?”

“माझा हात अडकला का आज?”

“मला काय माहीत?”

“मी विचारतोय, एल्फस. मी कुठे थांबलो का? चुकलो का?”

“अरे, मला कसं कळणार?” एल्फस आता खरोखर वैतागला होता. “मला तू ऐकूच आला नाहीस!”

हे बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं असावं, कारण त्याने ताट पुढे केलं. “खा काहीतरी.” नाबोथने ताटाकडे पाहिलं आणि गिटार पिशवीत घातली.

मिनीबसमध्ये तो आणि सेकाई शेजारी बसून घरी आले. शेजारचा प्रवासी त्याला ओळखून म्हणाला, “आजोबा, आज तर तुम्ही आमच्या जवानीतले दिवस परत आणले.” सेकाई खिडकीबाहेर बघत होती. तिला कळलं होतं की याला कळलंय.

सकाळी ती पाटी घेऊन बाजारात गेली नाही. त्याच्यापुढे चहा ठेवला आणि उभी राहिली.

“हो, मीच गेले होते.”

“का?”

“मारोंदेरा गावातलं ते लग्न आठवतं का? गाण्याच्या मध्ये तुमचा हात मिटला तो मिटलाच. वऱ्हाडातली पोरं हसली. तुम्ही घरी आलात आणि दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडलात. पाणीसुद्धा मी चमच्याने पाजलं. मला ते दोन दिवस पुन्हा नको होते.”

“मी काल बरोबर वाजवत होतो, सेकाई.”

“असेल.”

“असेल नाही. वाजवत होतो. नवीन काढलं होतं. तीन महिने...”

“मला ते दिसत नव्हतं का? तीन महिने मी बघत होते. म्हणून तर भीती वाटली! एवढं कोणी एखाद्या दुपारवर टाकतं का?” ती बसली. “छत्तीस वर्षं तुम्ही रविवारी घरात नाही. रूडोला फीट आली तेव्हा नव्हतात, माझ्या आईला पुरलं तेव्हा नव्हतात. मी कधी काही म्हटलं नाही. शेवटच्या रविवारी तरी हसत घरी यावेत, एवढंच मागितलं मी त्या माणसाकडे. माझ्यासाठी मागितलं.”

“आणि ओरडलीस किती आनंदाने.”

“तुमचं नाव पुकारलं, म्हणून ओरडले. ते खोटं नव्हतं.”

त्याने चहाचा कप बाजूला सरकवला. मग ती म्हणाली, “मला वाजवून दाखवा.”

त्याने गिटार काढली. पाणी तापवलं नव्हतं, तरी बोटाने साथ दिली. पण प्रश्न विचारणारी लीड गिटार नव्हती, ड्रम नव्हता. स्वयंपाकघरात बिनस्पीकरची बास म्हणजे टेबलावर बोटं वाजवावीत तशी. त्याने जागा वाजवली. सेकाईने लक्ष देऊन ऐकली.

“छान आहे,” ती म्हणाली.

आजाऱ्याने दोन घास जास्त खाल्ले की म्हणतात, त्या आवाजात. त्याने गिटार पिशवीत घालून चेन लावली.

बुधवारी टोंडेराई आला. हातात संत्र्यांची जाळी. माफी मागायला आलाय असं नाबोथला वाटलं, आणि त्याने मागितलीही, घाईघाईने. पण तो निघेना. दारातच घोटाळला.

“काका, एक विचारू? तिसऱ्या गाण्यात तुम्ही वेगळंच काहीतरी वाजवत होतात. मला तुमच्याबरोबर राहायचं होतं ना, म्हणून मी फटीतून तुमची बोटं बघत होतो. तुम्ही जाड तारेवरून एकदम खाली गेलात. माझी लय सुटता सुटता राहिली. ते काय होतं?”

साऱ्या जगात एका माणसाने ते पाहिलं होतं, आणि तो समोर उभा होता. नाबोथच्या तोंडापर्यंत आलं: ये, बस, गिटार घे. त्याच वेळी त्याची नजर टोंडेराईच्या हातांवर गेली. लांब, सरळ बोटं, जाळीच्या दोरीत अडकवलेली.

“हात घसरला,” तो म्हणाला.

“तीनदा?”

“तीनदा.”

टोंडेराईने संत्र्यांची जाळी उंबऱ्यावर ठेवली. “बरं काका,” म्हणून गेला. आतून सेकाई आली.

“का नाही सांगितलंत त्याला? पोर विचारायला आलं होतं.”

“तू मला विचारून एल्फसकडे गेली होतीस का?”

त्या दिवशी त्याला दुपारपर्यंत बरं वाटलं. दुपारनंतर वाटेनासं झालं.

ऑक्टोबरअखेर, तिकडच्या पावसाच्या तोंडावर, बँडचं नवीन ध्वनिमुद्रण रेडिओवर आलं. खाणीवाल्याचं गाणं पुन्हा नव्याने वाजवलं होतं. मधल्या भागात बासने जाड तारेवरून खाली उडी घेतली. उडी होती, पण घसा खाकरणं नव्हतं. सरळ बोटाने ते गुळगुळीत करून टाकलं होतं. निवेदिकेने विचारल्यावर एल्फस रेडिओवर म्हणाला, “आमचा टोंडेराई नवीन रक्त आहे, सतत काही ना काही नवं शोधत असतो.” चोरलं असंही म्हणता येईना. विचारायला आला होता तो, आणि हे आपलं नाही असं नाबोथनेच सांगितलं होतं. त्याने रेडिओ बंद केला नाही. पुढच्या गाण्यापर्यंत, मग बातम्यांपर्यंत ऐकत बसला.

चार महिने गिटार पलंगाखाली होती. मग कोस्मास आला. कोस्मास सॅक्सोफोनवाला, सत्तरीचा, समोरचे दोन दात गेलेले, त्यामुळे सॅक्सोफोनमधून अर्धी हवा बाहेर. खाटकाच्या दुकानामागच्या अंगणात शनिवारी दुपारी लोक मांस भाजून खातात, तिथे तो आणि आणखी दोन म्हातारे वाजवायचे. बासवाला वारला होता.

“येतोस?”

“नाही.”

“तुला कोण ऐकायला येणार आहे तिथे? लोक जेवायला येतात.”

“म्हणूनच नाही.”

तरी दोन शनिवारांनी तो गेला. घरात सेकाई आणि तो एकमेकांशी इतक्या नम्रपणे बोलायला लागले होते की त्याला बाहेर जाणं भाग होतं. अंगणात एकच स्पीकर होता, तोही फाटलेला. नाबोथने स्वतः वायर लावली. पहिल्याच शनिवारी दुसऱ्या गाण्यात अनामिका मिटली आणि करंगळीलाही घेऊन बसली. तो थांबला. शेगडीजवळची एक बाई ओरडली, “अगं, आजोबांची बॅटरी उतरली!” अंगणभर लोक हसले. त्याने उजव्या हाताने डाव्याची बोटं एकेक करून उघडली, मांडीवर चोळली. कोस्मास तिकडे बासशिवायच फुंकत होता. कडवं संपलं, नवीन सुरू झालं, तेव्हा नाबोथ पुन्हा त्यात शिरला. हसणाऱ्या बाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिचं मांस भाजून झालं होतं.

त्यानंतर तो दर शनिवारी जाऊ लागला. हौस परत आली असं म्हणता येणार नाही. नव्या जागा तो आता शोधत नाही. चुकून सापडली तर वाजवतो आणि कोण वळून बघतंय हे बघत नाही. हात आठवड्याआड अडकतोच. लोक कधी हसतात, बरेचदा त्यांना समजतही नाही. खाटिक त्याला एकदा म्हणाला, “आजोबा, या वयात हा त्रास कशाला?” तेव्हा नाबोथ म्हणाला, “इथे निदान माझी चूक माझीच ऐकू येते.” खाटकाला ते कळलं नाही. त्याने हाडाचा एक जास्तीचा तुकडा त्याच्या ताटात टाकला.

सेकाई तिथे कधी गेली नाही. त्यानेही बोलावलं नाही. सुरुवातीच्या एका शनिवारी तो पिशवी खांद्याला लावून निघाला, तेव्हा तिने दारातून विचारलं, “जेवायला येणार का?”

“तिथे देतात,” तो म्हणाला.

तेव्हापासून शनिवारी ती एकटीपुरतंच शिजवते.